‘कळवतो’ या शब्दाची गोष्ट

नेहमी मी इथे जुन्या इंदूरच्या आठवणी लिहितो. आजची आठवण फार जुनी नाही, पण तिची मुळं जुनी आहेत.

गेल्या हिवाळ्यात मी आयुष्यात पहिल्यांदा एका सिनेमासाठी काम केलं. अभिनयाचं नव्हे, कारकुनीचं. आमची नात मिनू इथेच मास कम्युनिकेशन शिकते. शेवटच्या वर्षी चार-पाच मुलांच्या गटाला मिळून एक लघुपट करून द्यावा लागतो. मिनूने हट्टाने मराठीत करायचं ठरवलं, आणि विषय घेतला माझ्याकडून ऐकलेला: हयातीचा दाखला.

आपल्यातले पेन्शनर हसतील. दर नोव्हेंबरात ‘मी जिवंत आहे’ हे बँकेत जाऊन सिद्ध करायचं. २०१४ पासून डिजिटल ‘जीवन प्रमाण’ आलं, अंगठा मशीनवर ठेवला की झालं. पण आयुष्यभर भांडी घासलेल्या, धुणी धुतलेल्या बायकांच्या बोटांवर रेषाच राहिलेल्या नसतात, मशीन काही घेत नाही. मिनूच्या गोष्टीत अशीच एक आजी बँकेत येते. काउंटरवर नवीन मुलगा. ती मराठीत बोलते, तो हिंदीत उत्तरं देतो. मशीन तिला जिवंत मानायला तयार नाही. या खटपटीत हळूहळू कळतं की मुलगाही मराठी घरातलाच आहे, फक्त बाहेर मराठी बोलायला संकोचतो. बस, एवढीच गोष्ट. बारा मिनिटांची.

पात्रं चार. आजी, काउंटरवरचा मुलगा, मॅनेजर बाई आणि रांगेतला एक चिडका गृहस्थ. मिनू म्हणाली, “आबा, पात्रं शोधायला तुम्हीच पाहिजे. तुम्हाला सगळं रामबाग ओळखतं.”

मुलांनी व्हॉट्सॲपवर टाकायला दोन ओळी लिहिल्या होत्या: ‘शॉर्ट फिल्मसाठी कलाकार हवेत, इच्छुकांनी संपर्क करावा.’ मी म्हटलं, अरे, ही काय सूचना झाली? अटी कुठे आहेत? मग मी बसून नीट मजकूर केला. कोणती भूमिका, वय साधारण किती, भाषा कोणती, शूटिंगचे दिवस दोन, मानधन नाही, चहा-नाश्ता-जेवण आणि येण्याजाण्याचा खर्च मिळेल. ऑडिशनचं चित्रीकरण होईल, ते गट आणि मार्गदर्शक शिक्षक यांच्याशिवाय कुणी बघणार नाही. अठरा वर्षांखालच्यांनी पालकांना बरोबर आणावं. मानधन नाही ही ओळ मुलांना खाली कुठेतरी टाकायची होती. मी ती वर घेतली. कर्जाच्या कागदावर बारीक अक्षरात काय लिहिलेलं असतं हे मला चांगलं ठाऊक आहे.

नावं आली ४३. मी रजिस्टर केलं. अनुक्रमांक, नाव, वय, भूमिका, वेळ, शेरा. एकाला पंधरा मिनिटं, म्हणजे तासाला चार, पाच तासांत वीस, दोन रविवारांत चाळीस. मुलं म्हणत होती, सगळ्यांना अकराला बोलवून टाकू. मी नको म्हटलं. पेन्शनच्या दिवशी शंभर म्हातारे एकाच वेळी आले की काय होतं ते मी पाहिलेलं आहे. प्रत्यक्ष ३४ जण आले. पाच जणांनी बाहेरगावाहून व्हिडिओ पाठवले, देवास, उज्जैन, एक तर पुण्याहून. त्यांना मिनूने कळवलं होतं की मोबाइल आडवा धरा, मागे कोरी भिंत, तोंड खिडकीकडे, आधी नाव-वय-गाव सांगा. चौघं आलेच नाहीत.

जागा मिळाली रामबागेतल्या एका कार्यालयाची वरची खोली. मुलांनी जमिनीवर चिकटपट्टीची फुली केली, उभं राहायची जागा. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला लावला, वरून-खालून नाही. पंखा बंद, कारण त्याचा आवाज माइक पकडतो. तरी खालच्या स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी प्रत्येक टेकमध्ये आलीच.

माझं काम होतं कॅमेऱ्याच्या बाजूला बसून समोरच्या पात्राची वाक्यं वाचायची. मी ती हेड ऑफिसचं सर्क्युलर वाचावं तशी वाचत होतो. मला वाटलं, पोरगी रागावणार. तर म्हणाली, “आबा, एकदम बरोबर. असंच सपाट वाचा. वाचणाऱ्याने ॲक्टिंग केली की सगळे त्यालाच बघतात.”

प्रत्येकाचे दोन टेक. पहिला, त्यांनी घरून जसा बसवून आणला असेल तसा. दुसऱ्याच्या आधी मिनू एखादीच सूचना द्यायची. “आता गुडघा दुखतोय, पण कुणाला कळू द्यायचं नाही.” किंवा, “आता तुम्हाला घाई आहे, खाली रिक्षा थांबली आहे.” कोणता टेक चांगला झाला हे बघायचं नव्हतं. सूचना दिल्यावर काही बदलतं की नाही, एवढंच बघायचं. कर्जाच्या मुलाखतीत आम्हीही तेच करायचो. प्रोजेक्ट रिपोर्ट पाठ करून आलेल्या माणसाला रिपोर्टबाहेरचा एक प्रश्न विचारायचा. तिथे माणूस दिसतो.

तरुण मुलांची ऐकून थोडं वाईट वाटलं, ते खरं सांगतो. आडनावं सगळी आपली. घरी वरण-भात, गणपती, सगळं. पण “समझता सब है अंकल, बोलने में अटकता हूँ” हे वाक्य मी त्या दोन रविवारांत निदान आठ वेळा ऐकलं. एक मुलगा मात्र फार छान मराठी बोलला. वडिलांची बदली होऊन पुण्याहून आलेला. मी रजिस्टरात त्याच्यापुढे ‘उत्तम’ लिहिलं. मिनूने घेतला तो इंजिनियरिंगचा एक मुलगा, जो “मी तुमचा पेपर… कागद… बघतोय, हां” असं अडखळत म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. मी म्हटलं, अगं, याचं मराठी बघ. ती म्हणाली, “आबा, तेच तर बघते आहे. गोष्ट याचीच आहे नं. तो पुण्याचा मुलगा मराठी कशाला लपवेल?”

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

दुपारी डबे उघडले की मुलांच्या गप्पा चालायच्या. ‘कोर्ट’मध्ये लोककवी झालेले वीरा साथीदार हे पेशाने नट नव्हते. ‘सैराट’ची रिंकू राजगुरू अकलूजची, शाळेत शिकणारी मुलगी होती. मी त्यांना दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती व्हायला एक बाई मिळेना, तेव्हा फाळक्यांनी खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना साडी नेसवून उभं केलं. मुलं खूश झाली. मी गोष्ट सांगताना मोठा रंगलो होतो. पात्रनिवडीची गंमतच गंमत वाटत होती तोवर.

आता आक्कांविषयी सांगतो.

आक्का माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठ्या, म्हणजे ७९च्या. रामबागेतल्या ज्या वाड्यात मी वाढलो, तिथेच त्या लग्न होऊन आल्या. वाडा गेला, इमारत झाली, त्या तिथेच दुसऱ्या मजल्यावर राहतात. आमच्या तरुणपणी गणेशोत्सवात त्यांचं नाटक म्हणजे केवढी गोष्ट होती. तेव्हा घरच्या सुनेने रंगमंचावर उभं राहायचं म्हणजे सासूची परवानगी, नवऱ्याची परवानगी, आणि शेजाऱ्यांचे टोमणे फुकट. आक्का तरी उभ्या राहिल्या, आणि दहा-बारा वर्षं त्यांनी आमच्या मंडळाची नाटकं ओढून नेली.

मिनूने मला गोष्ट सांगितली त्याच संध्याकाळी आक्का भाजी घेताना भेटल्या. मी उत्साहाच्या भरात बोलून गेलो, “आक्का, आजीचा रोल तुमच्यासाठीच आहे असं समजा. तुम्हीच शोभाल.”

छत्तीस वर्षं बँकेत काढली मी. मंजुरीच्या आधी कधीही कुणाला ‘होऊन जाईल’ म्हणायचं नाही, हे मी नव्या अधिकाऱ्यांना पहिल्या दिवशी सांगायचो. आणि इथे भाजीवाल्याच्या ठेल्यापाशी, विचार न करता, शब्द देऊन मोकळा झालो.

आक्का पहिल्या रविवारी आल्या. दोन्ही पानं तोंडपाठ. सुरेख नऊवारी नेसलेली, आवाज अजून खणखणीत. पिशवीतून पासबुक शोधायचा प्रसंग होता. आक्कांनी पिशवीत हात घातला, भुवया वर नेल्या, मान हलवली, एक उसासा टाकला, आणि वाक्य असं म्हटलं की खाली कुकरपाशी असलेल्या बाईने वर डोकावून बघितलं. मिनूने सूचना दिली, “आक्काआजी, आता अगदी स्वतःशीच बोलल्यासारखं.” दुसरा टेकही तसाच झाला. फक्त आवाज थोडा खाली आला, भुवया तिथेच राहिल्या.

दुसऱ्या रविवारी सुदामानगरहून एक बाई नातवाला घेऊन आल्या होत्या. नातू काउंटरवरच्या मुलाच्या भूमिकेसाठी. बाई बाहेर जिन्यात बसून चष्मा शोधत होत्या. मिनूने ते पाहिलं आणि म्हणाली, “आजी, तुम्ही दोन मिनिटं आत येता?” त्या म्हणाल्या, “मी? मला काय येतं?” शाळेच्या स्नेहसंमेलनातसुद्धा कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. मिनूने एवढंच सांगितलं की पासबुक शोधा आणि या आबांना द्या.

त्यांनी पिशवीतून एक कापडी पिशवी काढली. त्या पिशवीतून प्लास्टिकची. तिला रबर लावलेलं. रबर काढून मनगटात घातलं, हरवू नये म्हणून. मग पासबुक काढलं, आपल्याच पदराने पुसलं आणि माझ्या पुढ्यात सरळ करून ठेवलं, म्हणजे मला वाचता यावं असं, उलट नाही. हे सगळं होईपर्यंत खोलीत कुणी बोललं नाही.

मंडळी, काउंटरच्या आतल्या बाजूने मी हे हजार वेळा पाहिलेलं आहे. ते मनगटातलं रबर मी ओळखतो. मला त्याच क्षणी कळलं की आजी कोण आहे.

आणि तरीही मी काय केलं? तिसऱ्या रविवारी निवडक लोकांना परत बोलावून जोड्या लावून बघायच्या होत्या, आजीबरोबर तो मुलगा कसा दिसतो वगैरे. मिनूच्या यादीत आक्कांचं नाव नव्हतं. मी आग्रह करून घालायला लावलं. म्हटलं, “एकदा बोलावू. बरं नाही दिसत.” मुलीने माझ्याकडे नीट बघितलं, पण नाव घातलं. आक्का परत आल्या, दुप्पट तयारी करून. जाताना मी जिन्यापर्यंत सोडायला गेलो. त्या म्हणाल्या, “काय मग?” आणि मी म्हणालो, “कळवतो.”

तो शब्द तोंडातून निघाला आणि मला १९७२ साल आठवलं.

तेव्हा मी बी.कॉम. करून नोकरीच्या शोधात होतो. इंदुरात मराठी नाटकाचं वारं होतं, बाबा डिके यांच्यासारखी मोठी माणसं शहरात नाटक करत होती. आमचं मंडळ गल्लीतलं, पण उत्साह दांडगा. त्या वर्षीच्या नाटकासाठी निवड ठेवली होती. मी पंधरा दिवस गच्चीवर पाठांतर केलं. कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त आईला माहीत होतं. वाचून दाखवलं. टेबलामागे पाच जण बसले होते. म्हणाले, “छान. कळवतो.”

मी वाट पाहिली. एक आठवडा, दोन आठवडे. संध्याकाळी घराबाहेर पडायचो नाही, कुणी निरोप घेऊन आलं तर चुकामूक नको म्हणून. एके दिवशी नळावर कुणीतरी सहज म्हणालं, तालमी मस्त चालल्यात. असं मला कळलं. कुणी ‘नाही’ म्हणालंच नाही. त्यानंतर मी रंगमंचाच्या वाटेला गेलो नाही. आजसुद्धा सानंदचं नाटक बघायला बसलो की पडदा वर जायच्या आधी पोटात थोडं हलतं. पत्नीलाही मी हे फार उशिरा सांगितलं.

तुम्ही म्हणाल, एवढं सोसलेल्या माणसाने पुढे कुणाला ‘कळवतो’ म्हटलं नसेल. उलट, जन्मभर म्हटलं. एका तहसीलच्या गावी शाखेत असताना एक शिंपी दोन मशीनच्या कर्जासाठी यायचा. प्रकरण होण्यासारखं नव्हतं, मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. पण गरीब, भला माणूस, तोंडावर नाही कसं म्हणायचं? मी ‘कळवतो’ म्हणत राहिलो. तो सात वेळा आला. दर वेळी दुकान बंद करून. शेवटी म्हणाला, “साहब, पहले दिन मना कर देते तो मैं सेठ से बात कर लेता.” तो रागावला नव्हता, हिशेब सांगत होता. मी मात्र स्वतःला दयाळू समजत होतो.

तिसऱ्या रविवारच्या रात्री मिनूने निवड पक्की केली. चार जण घेतले, म्हणजे ३५ जणांना नाही सांगायचं होतं. मुलं म्हणाली, ग्रुपवर निवडलेल्यांची नावं टाकली की बाकीच्यांना आपोआप समजेल. मी म्हटलं, नाही. प्रत्येकाला फोन करायचा, दोन दिवसांत. काय बोलायचं तेही आम्ही ठरवलं. आलात त्याबद्दल आभार. या वेळी निवड झाली नाही. विचारलं तर खरं कारण, नाही विचारलं तर काही नाही. ‘पुढच्या वेळी नक्की’ हे अजिबात म्हणायचं नाही, कारण पुढची वेळ आपल्या हातात नाही. तरुण मंडळींना मुलांनी फोन करायचे, वयस्करांना मी. माझ्या वाट्याला १४ आले. तेरा फोन मी सोमवारी दुपारपर्यंत संपवले. बहुतेकांनी “अच्छा, ठीक आहे” म्हणून विषय बदलला. एक गृहस्थ म्हणाले, “भाऊसाहेब, फोन केला हेच खूप झालं.” एक बाई फोनवरच रडल्या, मग हसल्या.

चौदावा राहिला. मी मिनूला म्हटलं, “तू दिग्दर्शक आहेस, आक्कांना तू सांग.” ती म्हणाली, “आबा, त्यांना मी नव्हतं बोलावलं. तुम्ही बोलावलं होतं.”

मंगळवारी सकाळी गेलो. संक्रांत नुकतीच झाली होती. आक्कांनी चहा ठेवला, पुढ्यात तिळाची वडी ठेवली. खुर्चीच्या पाठीवर एक साधी, विटकी नऊवारी इस्त्री करून टाकलेली होती. म्हणाल्या, “बघ, ही जुनी शोधून काढली. पेन्शन घ्यायला येणारी म्हातारी भारी साडी कशाला नेसेल? त्या दिवशी माझं चुकलंच जरा.”

मी वडी खाल्ली. हवेविषयी बोललो. कचऱ्याच्या गाडीच्या वेळेविषयी बोललो. त्यांच्या नातवाच्या बदलीविषयी विचारलं. वीस मिनिटं झाली असतील. आक्कांनी कप खाली ठेवला. “बोल. तू काही व्याजाचा दर सांगायला आला नाहीयेस.”

“आक्का, तुमची निवड झाली नाही.”

त्या काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, “कोण?”

“सुदामानगरच्या एक बाई आहेत. कधी काम केलेलं नाही त्यांनी.”

“कधीच नाही?”

“नाही.”

हे त्यांना लागलं. मला दिसलं. माझ्या मनात आलं होतं की सांगावं, मुलांना त्या वयाचा चेहरा हवा होता, वगैरे. पण आक्कांच्या डोळ्यांत बघून खोटं बोलायची सोय नव्हती. मी त्यांना रबराची गोष्ट सांगितली, जशी झाली तशी. म्हटलं, “तुम्ही पासबुक शोधता ते शेवटच्या रांगेला दिसावं म्हणून. कॅमेरा हातभरावर असतो आक्का.”

त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, “आम्हाला माइक नव्हते रे. मागच्या पोरांना ऐकू गेलं नाही की शिट्या वाजवायची. ते अंगात बसलं ते बसलं.” मग एकदम माझ्याकडे वळल्या. “पण हे तुला पहिल्याच दिवशी दिसलं असेल. परत कशाला बोलावलं मला?”

“हिंमत झाली नाही.”

“हं.”

आता गप्प बसून निघायचं, असं मी ठरवत होतो, आणि का कोण जाणे, बोलून गेलो, “आक्का, ७२ साली मी मंडळात वाचायला आलो होतो. तुम्ही टेबलामागे होतात.”

मला वाटलं होतं, त्यांना आठवणार नाही. त्या लगेच म्हणाल्या, “नाकात वाचत होता तू. आणि इतका घाईत, जशी काही गाडी सुटून राहिली आहे.”

बावन्न वर्षांनी मला माझा निकाल मिळाला. आणि सांगतो मंडळी, बरं वाटलं. मी नाकात वाचत होतो. एवढंच होतं. इतकी वर्षं मी काय काय समजत होतो, की माझं रूप, की वडिलांची परिस्थिती, की मंडळातल्या कुणाचा आमच्या घरावर राग.

“मग सांगितलं का नाही कुणी?”

“सगळे म्हणाले सांगू. प्रत्येकाला वाटलं दुसरा सांगेल. आणि तू वाड्यातला पोरगा, रोज नळावर भेटणारा. सांगायचं कुणी?” थोडं थांबून म्हणाल्या, “मला वाटलं तू विसरला असशील.”

“नाही विसरलो.”

“मीही विसरणार नाही हं,” आक्का म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या. कप उचलून आत गेल्या. मी चपला घातल्या.

आठवड्याने त्यांचा नातू एक पाकीट देऊन गेला. आत ऑडिशनची ती दोन पानं होती, पेन्सिलने खुणा केलेली. मुलांनी शुद्ध मराठीच्या नादात आजीच्या तोंडी वाक्य घातलं होतं, ‘मी हयात आहे हे सिद्ध करण्यासाठी आले आहे.’ ते आक्कांनी खोडलं होतं. बाजूला लिहिलं होतं: ‘इंदूरची म्हातारी असं बोलत नाही. एवढंच म्हणेल, आले रे बाबा, आहे अजून.’

मिनूने ते वाचलं, फोनवरून गटातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं, आणि तसंच्या तसं घेतलं. सुदामानगरच्या बाईंनी शूटिंगच्या दिवशी ते वाक्य पासबुक पुसता पुसता म्हटलं, वर न बघता. बारा मिनिटांत लोकांच्या लक्षात राहतं ते तेवढंच.

मुलांनी नामावलीत ‘संवाद-साहाय्य’ म्हणून आक्कांचं नाव द्यायचं ठरवलं. परवानगी विचारायला मीच गेलो, या वेळी पहिल्याच मिनिटाला विषय काढला. आक्का म्हणाल्या, “टाका. पण अक्षर मोठं पाहिजे. शेवटच्या रांगेतून वाचता आलं पाहिजे.”

अक्षर मोठं टाकलं आहे. एप्रिलमध्ये कॉलेजात फिल्म दाखवली तेव्हा आक्का आल्या नाहीत. गुडघा दुखतो म्हणाल्या. मी ते कारण जसं दिलं तसं जमा करून घेतलं.

ता. क. त्या ३५ जणांपैकी कुणी हे वाचत असेल, आणि चुकून आमचा फोन आला नसेल, तर कृपया मला कळवा. मी घरी येऊन सांगून जाईन.